आधी देव, मग डबा

मांडवात पाऊल टाकलं की ती पहिल्यांदा माझी पिन काढायची. ना कुणाशी बोलणं, ना पाण्याचा घोट. वायरीचा माग काढत थेट माझ्या कोपऱ्यात यायची, लुगडं सावरत वाकायची आणि बोर्डातली पिन उपटून माझ्या हातात ठेवायची. अख्खा मांडव गप्प. नाचणारी पोरं एक पाय वर धरून माझ्याकडे बघायची, मीच काही मोडलं असल्यासारखी. मग ती सावकाश सरळ व्हायची आणि म्हणायची, "आदी देव, मंग तुजा डबा."

डबा म्हणजे माझी साउंड सिस्टीम. पुरुषभर उंचीचे स्पीकर, मिक्सर, लायटी, टेम्पो भरून सामान. त्या सगळ्याला तिच्याकडे एकच शब्द. आणि मी डबेवाला. दिवा स्टेशनजवळ माझा गाळा आहे. कळव्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही हळदीत माझं नाव काढा, लोक ओळखतील. तिला ते ठाऊक होतं, तरी शेवटपर्यंत तिने ते उच्चारलं नाही.

मग मी तरी तिचं कशाला घेऊ? गावात लहानथोर सगळे तिला बय म्हणायचे. मी मनातल्या मनात थेरडी म्हणायचो आणि तोंडावर आजी. त्यावर ती ताबडतोब, "आज्या तुमचे बिल्डिंगीन. मी बय."

बय धवलारीण होती. ठाण्या-डोंबिवलीकडच्या वाचकांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आगरी लग्नात भटजी येतो तो नंतर. त्याआधी मांडवाला उंबराची फांदी बांधण्यापासून हळद लावण्यापर्यंत जे जे होतं ते धवलारीण गाऊन लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. वाद्य नाही, पोथी नाही. तिने गायलं म्हणजे विधी झाला. तुम्ही अशा हळदीला गेला असाल तर तिला पाहिलंही असेल. पाटाजवळ बसलेली एक म्हातारी, तोंड हलतंय, आवाज मात्र ऐकू येत नाही. ऐकू येत नाही, कारण दोन धवले होत नाहीत तोवर पोरं कलकलाट करतात, मी पिन परत लावतो, आणि मग आवाज माझा असतो.

मला ती आवडायची नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. माणूस गेलं की त्याच्याबद्दल सगळं गोडगोड लिहायची रीत आहे. मला ती जमणार नाही आणि तिला चाललीही नसती. भर मांडवात चारचौघांसमोर पिन काढून घेतल्यावर काय वाटतं ते पोटापाण्यासाठी साउंड लावणाऱ्यालाच कळेल.

एकदा मी माइक तपासत होतो. हॅलो, चेक, हॅलो, हॅलो. ती हळदीचं ताट लावत बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "यो हालो कोन र? मंगासपासून हाक मारतंस, येत नाय तो."

बायका फिदीफिदी हसल्या. मी चिडून आणखी मोठ्याने हॅलो म्हणालो.

"त्याचा खरा नाव तुना माईत नसंल," ती म्हणाली. "त्याबिगर कोन येतं?"

फोन आला की ती स्वतः हालो म्हणायची, हे मी कैकदा ऐकलं होतं. म्हणजे अडाणीपणा नव्हता तो. नुसता खवचटपणा.

तिच्या गावाच्या खाडीकडेला एक मोकळं मैदान आहे. पूर्वी तिथे मिठागर होतं, आता बांधही शोधावे लागतात. त्या मैदानात मी एकदा हळदीचं सामान लावत होतो. ती येऊन उभी राहिली आणि स्पीकरकडे हनुवटी करून म्हणाली, "तोंड फिरव त्याचा. सांजचा वारा खारीवरशी येतो. तुजा आवाज सगला उरवून नेल."

म्हटलं, आता हिने मला साउंड शिकवायचं बाकी राहिलंय. मी तोंड फिरवलं नाही. संध्याकाळी वारा सुटला, आणि मागच्या खुर्च्यांवरची माणसं येऊन सांगू लागली की काही ऐकू येत नाही. तेवढ्यात पलीकडच्या टॉवरमधून तक्रारीचा फोन आला की आमच्या बेडरूममध्ये तुमची हळद चालू आहे. ती पाटावर बसून सुपारी कातरत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वेळी त्याच मैदानात मी मुकाट्याने स्पीकर फिरवून लावले. तिने आल्या आल्या पाहिलं. "कोनी सांगला र?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? माझा धंदा आहे हा."

ती हसली. मग पिन काढली.

लहानपणी ती मिठागरात काम करायची. या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची तर वारा पडायची वाट बघावी लागते, आणि वाऱ्याकडे तोंड करून ओरडणारा मूर्ख असतो, हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं. ही विद्या तिने मला दिली असं मी म्हणणार नाही. तिने ती माझ्या अंगावर फेकली आणि मी ती कुणी बघत नाही असं पाहून उचलली. आज मोकळ्या जागेत सामान लावायच्या आधी मी कापूर जाळून धूर कुठे जातो ते बघतो. पोरं समजतात, मालक देवभोळा आहे.

पुढे तिचा आवाज बसत चालला. कल्याणच्या एका हॉलमध्ये मी तो फुटताना ऐकला. बंद हॉल, एसी, फुलांची कमान. तिने धवला सुरू केला आणि मधेच गळा चिरकला. पुन्हा धरला, पुन्हा चिरकला. मोबाइल धरून उभ्या असलेल्या पोरी व्हिडिओ बंद करून दुसरीकडे वळल्या. नवरीची आई बाजूच्या बाईशी बोलू लागली. त्या वेळी माझी सिस्टीम बंदच होती, म्हणजे माझ्यावर ढकलायचीही सोय नव्हती. इतकी वर्षं जिचा आवाज बंद व्हावा म्हणून मी मनात बोटं मोडली, तिचा आवाज माझ्या देखत बंद झाला, आणि मला आनंद झाला नाही. याचा मला फार राग आला.

त्यानंतर एका दुपारी ती माझ्या गाळ्यावर आली. सोबत नात होती. नात डोंबिवलीत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, घोडबंदर रोडला एका ऑफिसात नोकरीला. बोलणं तीच करत होती.

"दादा, दिवाळीनंतर माझ्या भावाचं लग्न आहे. हळदीला साउंड तुमचाच. पण आजीचा गळा गेलाय, डॉक्टर बोलले जास्त गायचं नाही. गावात दुसरी धवलारीण नाही आता. तर म्हटलं आपण रेकॉर्ड करून ठेवू. थोडं थोडं गाईल ती. मग त्या दिवशी प्ले करायचं. होईल ना?"

बय स्टुलावर बसून माझ्या स्पीकरांकडे बघत होती. सवतीच्या घरी यावं लागलेल्या बाईसारखा चेहरा.

मी म्हटलं, "होईल. पण एका अटीवर. यापुढे माझी पिन काढायची नाही."

"आदी तुजा डबा कसा बोलतो त्या दाखव," ती म्हणाली. "मंग बगू."

पहिल्या दिवशी ती माइकवर अशी ओरडली की मीटरचे सगळे लाल दिवे लागले आणि मी हेडफोन फेकून दिला. मी सांगितलं, इथे हाक मारायची नसते. माइक म्हणजे माणसाचा कान समजायचा. कानात सांगतो तसं गायचं.

"कानान सांगाला तो माजा नवरा हाय क?"

नात लाजेने लाल झाली. मी पुन्हा सांगितलं. वीतभर लांब राहा, श्वास घेताना तोंड वळवा, माइकवर फुंकू नका. प्रत्येक गोष्टीवर तिचं भांडण. पण सांगतो ते खरं, काही बैठकींतच ती माइकपाशी अशी बसू लागली की गळ्यात जेवढा आवाज उरला होता तेवढा सगळा आत यायचा. आयुष्यभर मोकळ्या मांडवात गायलेल्या बाईला हळू गाणं शिकायचं म्हणजे उजव्याचं काम डाव्या हाताने करणं. तिने ते केलं, आणि मला श्रेय दिलं नाही. उलट एक दिवस नात माइक हातात घेऊन काही बोलायला गेली तर बय तिच्यावर खेकसली, "वीतभर लांब धर. त्या खायाचा नाय."

एकदा मी तिच्या कानाला हेडफोन लावून तिचाच धवला ऐकवला. ती ऐकत राहिली. माझ्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला, अगदी पिन ठेवायची तसाच.

"यवरी म्हातारी झाले?" ती म्हणाली.

त्या दिवशी पुढे काही झालं नाही. मागच्या चाळीत पाण्याचा टँकर आला आणि सगळी दिव्याची वस्ती हंडे घेऊन धावली. त्या गोंगाटात रेकॉर्डिंग कुठलं करणार? बय दारात उभी राहून बघत होती. "विहिरी बुजवल्या नी टँकर आनले," ती म्हणाली. "लय शानी मानसा." हे वाक्य माझ्यावरच होतं असं मला वाटलं. तिची सगळीच वाक्यं मला तशी वाटायची.

सगळे धवले घेऊन झाल्यावर मी ते नीट केले. आमच्या धंद्यात नीट करणं म्हणजे काय, तर खोकला काढायचा, श्वास काढायचा, मधल्या रिकाम्या जागा काढायच्या. रिकामी जागा राहिली तर लोकांना वाटतं सिस्टीम बंद पडली. मी सगळं घासूनपुसून लख्ख केलं आणि मोठ्या अभिमानाने तिला ऐकवलं. मनात म्हटलं, आता हिच्या तोंडून एक तरी बरा शब्द निघेल.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "माजी मेलेली मानसा कुठं टाकलीस?"

मला कळेना. नातीलाही कळेना.

मग तिने सांगितलं. हळदीच्या आधी एक धवला असतो, त्यात सगळ्यांना लग्नाला बोलावतात. आधी देव, वेशीवरचा, खाडीवरचा, घरातला. मग घरातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन. ती नावं प्रत्येक घराची वेगळी. तिने देवांना बोलावलं होतं, आणि पुढे माणसांसाठी गप्प राहून जागा सोडली होती. ती जागा मी कापून टाकली होती.

"मग नावंही गाऊन टाकायची ना," मी म्हटलं. "जागा कशाला सोडली?"

"मेलेला मानूस डब्याचे हाकंला येत नाय. जित्या तोंडान बोलवाला लागतं."

"कुणाच्या?"

तिने हनुवटीने नातीकडे दाखवलं.

"मी?" नात म्हणाली. "आजी, मला गाता येत नाही. शाळेत प्रेअरला पण मला मागे उभं करायचे."

"गाऊ नको. हाक मार." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "न बोलवता कोन येल? मंग तुजे भावाचे मांडवान आपली कोन? निसती पावनी."

ते ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई माझ्याशी का भांडत होती. माझ्या डब्याच्या आवाजात हिने मारलेल्या हाका तिच्या माणसांपर्यंत पोचत नसत. तिच्या हिशोबी कितीतरी मांडवांत कितीतरी घरची माणसं बाहेर ताटकळत उभी राहिली होती, आणि आत मी बेस वाढवत होतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी कळलं.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. मी सगळ्या जागा परत घातल्या. मोठ्या मनाने विचारलं, "निदान खोकला तरी काढू?" ती जागा संपली की पुढचं गाणं उचलायच्या आधी ती मोठ्याने खाकरली होती.

"माजा खोकला हाय. तुजा काय जातं?"

नात शिकलेली होती, त्यामुळे तयारी करून आली. भावाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मोबाइलवर होता, त्यात गेलेल्या माणसांची नावं छापायची असतातच. तिने ती खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "कैलासवासी गोविंद..."

"थांब," बय म्हणाली. "कैलासवासी म्हंजे मेलेला ना? मेलेल्याला मेला बोलून हाक मारतंस?"

नातीने कैलासवासी काढलं. "गोविंद."

"यो कोन?"

"तुझे सासरे, आजी. पत्रिकेवर आहे."

"त्याना गोविंद तलाठी बोलवाचा. घरान गोंदाबा. गोविंद बोललीस त तो समजल तलाठी आला, दारामागं लपल."

मी हसलो, तर मला दरडावलं. पण त्या दिवसापासून गाळ्यात दर शनिवारी-रविवारी नवीन माणसं यायला लागली. पत्रिकेतल्या काशीबाईला कुणी कधी काशी म्हटलंच नव्हतं. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून आईबापांनी तिचं नाव चिंधी ठेवलं होतं, आणि चिंधी म्हणूनच ती म्हातारी होऊन मेली. एक काका रुसका होता, त्याला दोनदा बोलवायचं. दोन जावा होत्या, त्यांना एकीमागे एक बोलवायचं नाही, मधे कुणीतरी घालायचं, नाहीतर मांडवात भांडतील. एवढं भांडकुदळ खानदान मी पाहिलं नाही, आणि बहुतेक सगळे मेलेले.

भांडणं जिवंतांचीही होत होती. नात एक नाव काळू असं म्हणाली. बय म्हणाली, कालू. नात पुन्हा काळू. "ळ नको लावूस, तो वलकाचा नाय." नात पुन्हा चुकली. जिभेला सवयच तशी.

"शाळेत तुझ्यासारखं बोललं की बाई सगळ्यांसमोर उभं करायच्या," नात चिडून म्हणाली.

"मंग बाईलाच बोलव लग्नाला."

तेव्हा मात्र त्या मुलीचा संयम सुटला. "बाईंचं सोड. तूच सांगितलेलंस पप्पांना, पोरांना आपल्यासारखं बोलू देऊ नका, लोक हसतात. आम्ही तुझ्या घरी आलो की तू आमच्याशी शुद्ध बोलायचीस. मला आठवतंय सगळं. आणि आता मला बोलतेस की येत नाही? तूच दिलं नाहीस तर येणार कुठून?"

मी वायरी गुंडाळायला घेतल्या, ज्या आधीच गुंडाळलेल्या होत्या. बयला उत्तर सुचलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो असा आला याचं मला वाईट वाटलं.

शेवटी ती म्हणाली, "लोक हसाचे. त्या खोटा नाय." आणि मग नातीला, "माजा मोबाइल इकरं आन. त्यान बोलून धारताना ना तुमी, त्या मना शिकव."

नातीने तिला व्हॉइस नोट पाठवायला शिकवलं. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. बय बटण लवकर सोडायची, मग अर्धंच वाक्य जायचं. पुन्हा दाबायची तेव्हा फोनला शिव्या द्यायची, त्याही रेकॉर्ड व्हायच्या. नात म्हणायची, "आजी, हळू. वीतभर लांब." आणि बय तिच्याकडे असं बघायची की ही शिकवण आपल्यावर उलटली आहे हे तिला पक्कं कळलंय असं दिसायचं.

मग आठवडाभर घरून व्हॉइस नोट यायला लागल्या. नात ऑफिसला जाता-येता कानात घालून ऐकायची. एकदा तिने मला ऐकवल्या. "कालू. ऐकतंस क? का-लू. जीब टालूला लावू नको, मेले." दुसरीत फक्त कुणाचं तरी नाव आणि मागे कुकरची शिट्टी. तिसरीत एका जावेबद्दल असं काही होतं की ते मी इथे लिहू शकत नाही. नात हसत होती आणि ओठांनी नावं म्हणत होती. तिचा ळ हळूहळू ल व्हायला लागला होता. शुद्ध बोलणाऱ्यांच्या शाळेत हा बिघाड गणला जाईल.

शेवटचं भांडण माझ्याशी झालं. सगळी नावं पाठ झाल्यावर आम्ही रेकॉर्डिंग लावून तालीम घेतली. देवांची हाक संपली, जागा आली, नातीने एकेक नाव घेतलं. गोंदाबा ये, चिंधी ये, कालू ये. सगळी नावं संपली तरी जागा शिल्लक राहिली. बराच वेळ काहीच नाही, आणि मग बयचं खाकरणं.

"हे मी कापतो," मी म्हटलं. "नावं झाल्यावर एवढी शांतता बरी नाही. लोकांना वाटेल सिस्टीम गेली."

"राऊ दे."

"अहो, पण उगीच जागा उरतेय."

"लागल," ती म्हणाली.

मी तावातावाने सांगितलं की माझ्या धंद्यातलं मला कळतं. ती उठली, माझ्या कोपऱ्यात गेली आणि माझ्या गाळ्यात माझीच पिन काढली. अट मोडली. त्यावर मीही वाटेल ते बोललो. नातीने तिला रिक्षात बसवलं. जाताना तिने मागे वळून बघितलं नाही, मीही हात केला नाही. पण जागा मी कापली नाही. का, ते विचारू नका. पुन्हा तिची कटकट नको म्हणून, असं समजा.

गणपती गेल्यानंतर ती गेली. झोपेतच. मी मैताला गेलो तेव्हा नातेवाईकांच्या घोळक्यात मागे उभा राहिलो. एवढी माणसं जमली होती, पण कुणी मोठ्याने रडत नव्हतं. बहुधा प्रत्येकाला वाटत होतं की आपलं रडणं चुकलं तर ती उठून सांगेल. लग्न थांबवायचं नाही असं तिने घरी बजावून ठेवलं होतं, त्यामुळे तारीख तीच राहिली.

हळदीच्या दिवशी त्याच मैदानात मी सामान लावलं. कापूर जाळला, वारा बघितला, स्पीकर फिरवले. नाचायला आतुर झालेली पोरं येऊन म्हणाली, दादा, सुरू करा. मी बोर्डाकडे बघितलं. पिन जागेवर होती. माझ्या मांडवात कुणी वाकून ती काढणार नव्हतं, आणि मी मूर्खासारखा वाट बघत उभा होतो. शेवटी मीच वाकलो आणि नाचाच्या सिस्टीमची पिन काढली. पोरं एक पाय वर धरून बघत राहिली.

मग लहान स्पीकरवर तिचा आवाज लावला. वीतभर लांबून, कानात सांगितल्यासारखा. मांडवातल्या बायका एकदम खाली बसल्या. वेशीवरच्या देवाला बोलावून झालं, खाडीवरच्या, घरातल्या. मग जागा आली.

नात पाटाजवळ उभी होती. हिरवी साडी, हातात हळदीचं ताट. माइक मी तिला देऊ केला होता, तिने घेतला नाही. वारा पडेपर्यंत थांबली. हे तिला कुणी शिकवलं मला माहीत नाही, मी तरी नाही. मग हाक मारायला लागली. गोंदाबा ये. चिंधी ये गो. रुसक्या काकाला दोनदा बोलावलं. दोन जावांच्या मधे दिराला घातलं. कालू म्हणाली तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा माणूस चटकन मान वळवून रस्त्याकडे बघू लागला.

नावं संपली. जागा संपली नव्हती. आता मला कळलं ती जागा कशासाठी होती, आणि नातीलाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण तिने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता. पत्रिकेवरचं नाव तिला येत होतं. आजी हा शब्द तर जन्मापासून तोंडात होता. मी मिक्सरवरून हात काढून घेतले. लोक चुळबुळ करायला लागले. कुणीतरी म्हणालंसुद्धा, सिस्टीम गेली काय रे?

"बय," नात म्हणाली. आवाज फुटला. पुन्हा धरला. "बय, ये गो. मांडवाला ये."

आणि डबा मोठ्याने खाकरला.